साठ 'जी' आणि एक छाती

'छातीचा कोट करणे', 'छाती ठोकून सांगणे' हे वाक्प्रचार आपण निबंधांतून सहज वापरतो. परंतु मोटारीच्या टकरीत खरीखुरी छाती किती आघात सोसू शकते आणि तो मोजायचा कसा, याचा विचार क्वचितच करतो. कलाशाखेची विद्यार्थिनी असूनही हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

मोकळी सोडलेली वस्तू खाली पडताना तिचा वेग दर सेकंदाला, सेकंदास ९.८ मीटरने वाढतो. हे त्वरण म्हणजे एक 'जी'. टकरीत वेग एकाएकी घटतो, तेही याच मापाने मोजतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस अर्ध्या मीटरात थांबला, तर सरासरी सुमारे २० जी होतात. दहा सेंटिमीटरांत थांबला, तर जवळजवळ १००! आसनाचा पट्टा आणि मोटारीचा चेपला जाणारा पुढचा भाग आपल्याला थांबायला अंतर मिळवून देतात, ते यासाठीच.

१९५४ साली अमेरिकेच्या हवाई दलातील डॉ. जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःला रॉकेटच्या गाडीवर बांधून घेतले. ताशी १,०१७ किलोमीटर वेगावरून ती सुमारे १.४ सेकंदांत थांबली. कमाल आघात ४६.२ जी! डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले आणि १९९९ पर्यंत जगले.

अमेरिकेच्या नियमानुसार चाचणीतील पुतळ्याच्या छातीवरील आघात ६० जीच्या वर एकूण ३ मिलिसेकंदांहून अधिक काळ राहता कामा नये. म्हणजे आघात किती, याइतकेच तो किती वेळ, हेही महत्त्वाचे. मात्र फासळ्या किती दबल्या, हे या मापातून कळत नाही. म्हणून ते वेगळे मोजतात.

येथे मी थबकले. हा पुतळा मध्यम बांध्याच्या पुरुषाचा होता. सुमारे पाच फूट उंचीच्या स्त्रीचा पुतळा अमेरिकेच्या नियमात आला तो २००० साली. पुरुषाची छाती ६३ मिलिमीटरपर्यंत दबलेली चालते, तिची केवळ ५२. साठ जी मात्र दोघांनाही सारखेच. माझी आई जेमतेम पाच फूट आहे.

आकडा काढणे शास्त्रज्ञांचे काम खरे. पण तो कोणाच्या देहावरून काढला, हे विचारायला कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी कचरू नये, असे मला वाटते.