हेड उतरवण्याआधी एअर टाकी बघा

जुना दहाचाकी ट्रक घेतला तेव्हा किलोमीटरचा आकडा सात लाखांच्या पुढे गेलेला होता. एवढी पळालेली गाडी म्हटल्यावर होस पाईप, वॉटर पंप, रेडिएटर आज ना उद्या काम काढणार, हे धरूनच भाव केला होता. मनात पाल चुकचुकली ती कागदांच्या पिशवीतली बिलं बघून. आधीच्या मालकाने हेड गॅस्केट बदललं होतं, हेडचं फेसिंग करून घेतलं होतं आणि थोड्याच दिवसांत परत नवं गॅस्केट टाकलं होतं. एवढं करूनही गाडी पाणी पीतच होती. जमिनीवर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, पण सकाळी बघावं तर कूलंटची पातळी खाली.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, आतले बुडबुडे बघितले आणि सांगून टाकलं, "हेड गेलंय, मालक. उतरवावं लागेल."

बुडबुडे दिसले की हेड, हा ठोकताळा कारपुरता बऱ्यापैकी खरा आहे. ट्रकचं तसं नाही. ट्रकला ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर असतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याचं हेड इंजिनच्याच कूलंटने थंड ठेवलेलं असतं. टाकीतला हवेचा दाब 8 बारच्या आसपास, रेडिएटरच्या झाकणाचा जेमतेम 1 बार. कॉम्प्रेसरचं गॅस्केट फाटलं किंवा हेडला तडा गेला की ही हवा सरळ कूलंटमध्ये घुसते. मग बुडबुडे तसेच, कूलंटच्या बाटलीतून पाणी उसळणं तसंच, टेंपरेचरचा काटा चढणंही तसंच. इंजिनचं हेड बिचारं फुकट बदनाम होतं.

मला संशय आला तो ड्रायव्हरच्या एका वाक्यावरून. आमची गाडी पुण्याहून माल घेऊन कळंबोलीला जायची आणि येताना लोखंड भरून बोरघाट चढायची. तो म्हणाला, "चढाला काही होत नाही मालक, घाट उतरून खोपोलीत आलं की पाणी कमी झालेलं असतं." इंजिनचं गॅस्केट गेलं असेल तर लोड घेऊन चढताना जास्त त्रास व्हायला हवा, कारण सिलिंडरमधला दाब तेव्हाच वाढतो. उतारावर वाढतो तो ब्रेकचा वापर. ब्रेक मारला की टाकीतली हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसर भरायला लागतो. तेव्हा ड्रायव्हरला नुसतं "पाणी किती जातं" असं विचारू नका, कुठे जातं ते विचारा.

मग एअर टाक्यांचे ड्रेन ओढले. टाकीतून थोडं पाणी निघतंच, पावसाळ्यात तर त्याचं कोणाला काही वाटत नाही. इथे निघालं ते हिरवट होतं आणि बोटांना बुळबुळीत लागत होतं. काही जण अशा वेळी थेंब जिभेवर ठेवून गोडी बघतात. तसलं काही करू नका, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं.

खात्री करायला फुकटातली एक चाचणी आहे. गाडी सपाट जागेवर, चाकांना उटी लावलेल्या, इंजिन पूर्ण थंड. झाकण काढा, गाडी चालू करा आणि एकाला केबिनमध्ये बसवा. हवा भरत असताना बुडबुडे बघा. हवेच्या दाबाचा काटा वर पोचून फुस्स आवाज आला की कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. तेव्हा बुडबुडे थांबले, आणि ब्रेक दाबून दाबून काटा खाली आणल्यावर परत सुरू झाले, तर चोर कॉम्प्रेसरच. सिलिंडरमधला गॅस येत असेल तर त्याला हवेच्या काट्याशी काही देणंघेणं नसतं. हे सगळं इंजिन तापायच्या आत उरका, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून होरपळलेले हात मी पाहिलेत. मनात किंतु राहिलाच तर निळ्या द्रावणाची चाचणी करून घ्या. इंजिनच्या गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडने ते पिवळट होतं, नुसत्या हवेने निळंच राहतं.

प्रत्येक गाडीत कॉम्प्रेसरच दोषी निघेल असं अर्थातच नाही. बाहेरची गळती आधी बघावी, आणि ती पहाटेच्या थंड इंजिनावर. सैल क्लिपा थंडपणी गळतात आणि तापल्यावर फुगून बंद होतात, चालत्या गाडीत थेंब जागेवरच वाळतो. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी वाळलेला रंगीत ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून ठेवली की लपलेली गळतीही बोलते. ओल्या लायनरच्या इंजिनात खालच्या रबरी रिंगा गेल्या तर पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन बोल्ट सकाळी किंचित ढिला करा, पाणी जड म्हणून आधी तेच येईल. नव्या गाड्यांत ईजीआर कूलर फुटला तर कूलंट सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन जातं आणि बाहेर काहीच सापडत नाही.

जुनी गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. इंजिन गरम दिसलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. झाकणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. पिवळसर गाळ लागला तर गळती बुजवायला हळद टाकलेली असण्याची शक्यता आहे. तिने बारीक छिद्र तात्पुरतं बुजतं, पण रेडिएटरच्या अरुंद नळ्याही तुंबतात. हेडचे बोल्ट नवे आणि बाकी इंजिन तेलकट असेल तर हेड का उतरवलं ते विचारा. आणि प्रत्येक टाकीचा ड्रेन स्वतः ओढा.

कॉम्प्रेसर दुरुस्त झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. सगळ्या टाक्या रिकाम्या करा, हवेचे पाईप साफ करून घ्या आणि एअर ड्रायर असेल तर त्याचं काडतूस बदला. आत गेलेलं कूलंट ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचलेलं असू शकतं, म्हणून ब्रेक तपासल्याशिवाय माल भरून गाडी घाटात घालू नका.