घरातली ती गोष्ट मुलांना सांगा

आई-बाबांनो,

महाशिवरात्रीला आपण वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरात दर्शनाच्या रांगेत उभे राहतो. इ. स. १०६० मधलं हे देऊळ आपल्या अंबरनाथचा अभिमान. अशाच एखाद्या दिवशी अकरावीतला मुलगा सहज बोलून जातो, "गांजा तर महादेवाचा प्रसाद, साधा झाडपाला!" आपण हसण्यावारी नेतो, नाहीतर हात उगारतो. दोन्ही नको. त्याच्याशेजारी बसा आणि त्याला खरं उत्तर द्या.

न्यूझीलंडमधल्या डुनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यासकांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा-चरस सुरू केलेल्यांपैकी शंभरात सुमारे दहा जणांमध्ये सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखा, भास आणि संशय येण्याचा, मनोविकार आढळला. इतरांमध्ये हे प्रमाण शंभरात तीन होतं. लवकर सुरू केलेल्यांपैकी काहींना लहानपणीच भास होत होते, म्हणजे सगळा दोष गांजाचा नव्हे. पण पंचविशीपर्यंत मेंदूची जडणघडण चालूच असते, आणि त्या वयातली नशा तिच्यात ढवळाढवळ करते.

शंभरातल्या नव्वदांना हा आजार झाला नाही, हेही सांगा. ते लपवलंत तर मुलगा ओढूनही धडधाकट असलेला मित्र दाखवेल, आणि तुमचं बाकीचं खरंही त्याला खोटं वाटेल. आपलं मूल त्या दहांत आहे का, हे आधी सांगणारी तपासणी मात्र आज कुठेच नाही.

एक मोठी खूण मात्र आहे, आणि तीच आपण दडवतो. घरात कुणी काका, आत्या, आजोबा या आजाराने गांजलेले असतील तर मुलाला धोका जास्त. "ते जरा तसेच होते," म्हणून आपण विषय बदलतो. सोयरिकीच्या भीतीने औषधांच्या चिठ्ठ्याही फाडून टाकतो. ज्या मुलाने सर्वांत जास्त जपायला हवं, त्यालाच काही ठाऊक नसतं.

मुलगा मित्रांपासून तुटू लागला, रात्रभर जागा राहू लागला, अंघोळ टाळू लागला, "सगळे माझ्याबद्दलच बोलतात" म्हणू लागला, कानात आवाज येतात म्हणाला, तर वाट पाहू नका. नवस जरूर बोला, पण आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. उपचार जितके लवकर, तितकं मूल सावरण्याची आशा जास्त. व्यसन लागलंच असेल तरी तो आजारी आहे, गुन्हेगार नव्हे.

आज जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करा आणि घरातल्या त्या काकांचं नाव घ्या. त्यांना काय होत होतं ते सांगा. आवाज कापरा झाला तरी चालेल. आपण काय जपायचं, हे त्या रात्री मुलाला पहिल्यांदा कळेल.