घरालगतचीं जुनीं झाडें आणि वादळवारा

कोंकणपट्टींत घर म्हटलें कीं अंगणांत एखादा रायवळ आंबा, परसांत फणस, विहिरीजवळ दोन-चार माड आणि गडग्याच्या कडेला चिंच हा परिवार आलाच. हीं झाडें आजे-पणज्यांनीं लावलेलीं, आणि त्यांच्या सावलींत दोन-तीन पिढ्या वाढलेल्या. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें, तेव्हां रायगड जिल्ह्यांत व रत्नागिरीच्या उत्तर भागांत अशीं झाडें घरांवर पडून कौलें, वासे व भिंती यांचा चुराडा झाला. पुढें मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेनें उत्तरेकडे गेलें, त्यानेंही पुष्कळ झाडें लोळविलीं. तेव्हांपासून गांवोगांव दोन पक्ष पडलेले दिसतात. एक म्हणतो, घराजवळ उंच झाड नकोच, करवत लावा. दुसरा म्हणतो, वाडवडिलांच्या झाडाला हात लावूं नये, व्हायचें तें होईल. आमच्या मतें दोघेही झाड न पाहतांच निकाल देतात. कोणतें झाड राखावें, कोणतें हलकें करावें व कोणतें काढावें, हें झाडाजवळ अर्धा तास उभें राहून नीट पाहिल्यास पुष्कळसें कळतें.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. पंचनाम्यांचे कागद हातांखालून पुष्कळ गेले. त्यांत कारणाच्या जागीं बहुधा एकच शब्द असे : वादळ. तो शब्द खोटा नव्हे, पण अपुरा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे झाडावरील त्याचा दाब सुमारें चौपट होतो, हें खरें. परंतु एकाच आळींत एक आंबा उभा राहतो आणि शेजारचा मुळासकट उलथतो, याचें कारण वाऱ्यांत न शोधतां जमिनींत शोधावें लागतें.

झाड जेवढें वर तेवढेंच खालीं, अशी लोकांची समजूत आहे. तसें नाहीं. मोठ्या झाडाचीं बहुतेक मुळें वरच्या दोन-तीन फूट मातींत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर दूरवर पसरतात. आमच्याकडे तर थोडें खणलें कीं जांभा लागतो. सोटमुळाला फट सांपडली तरच तें खालीं उतरतें. एरव्हीं मुळें कातळावरून आडवीं धांवतात. पूर्वीं कुंपणाला गडगा असे. दगड जमिनीवरच रचलेले. पाया खणावा लागत नसे, आणि मूळ आड आलें तर दगड इकडचा तिकडे करून गडगा पुढें जाई. आतां चिऱ्यांची भिंत घालतात. तिच्यासाठीं दीड-दोन फूट चर खणतात, आणि बुंध्यापासून तीन हातांवर मांडीएवढें मूळ आडवें आलें तर गवंडी कुऱ्हाडीनें तें तोडून मोकळा होतो. झाड वर हिरवेंगार राहतें, म्हणून कोणास कांहीं वाटत नाहीं. पण वाऱ्याच्या बाजूचीं मुळेंच झाडाला दोरासारखीं ओढून धरीत असतात. तीं तुटलीं असतां त्या बाजूनें वारा आला कीं झाड उलट बाजूस पडतें. भिंत बहुधा रस्त्याच्या अंगास असते, आणि उलट बाजूस असतें घर ! नुकसान कशानें झालें याचा विचार वाचकांनींच करावा.

भिंत हवीच असेल तर झाडापुरता सलग पाया सोडून द्यावा, मुळें चुकवून खांब उभे करावे आणि त्यांवर तुळई टाकून भिंत उचलावी. खर्च थोडा अधिक येतो, पण छपराहून कमीच. अंगणास सिमेंट किंवा फरशीचे ठोकळे बसवितांना बुंध्याभोवतीं होईल तितकी मोकळी माती ठेवावी. शेणानें सारवलेल्या अंगणांतून पाणी व हवा खालीं जात असे, तें सिमेंटांतून जात नाहीं. बुंध्याला भिडवून मातीचा भराव घालूं नये. पार बांधण्याच्या हौसेनें साल दबून कुजते. सांडपाण्याचा खड्डाही तेथें नको.

आतां पाहणी. बुंध्याजवळची माती एका बाजूस उचललेली किंवा भेगाळलेली दिसली, आणि झाडाचा कल नवा असला, तर तें झाड धोक्याचें समजावें. जुना कल, जेथें शेंडा पुन्हां वर वळलेला असतो, त्याची एवढी भीति नाहीं. बुंध्याशीं किंवा मुळांवर कठीण, टोपीसारखी अळंबी उगवली असेल तर आंत लांकूड कुजत आहे असें समजावें. लांकडी मोगरीनें बुंधा चोहोंकडून ठोकून पाहावा. पोकळ जागीं आवाज भद्द येतो. मात्र पोकळी दिसली म्हणून लगेच झाडावर घाव घालूं नये. सभोंवारचें शाबूत लांकूड बुंध्याच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक असेल तर झाड पुष्कळदां भक्कम असतें. दोन सारखे जाड सोट अरुंद बेचक्यांत मिळालेले, आणि मध्यें साल आंत दबलेली, ही जागा मात्र वाऱ्यांत उभी चिरते. आंब्यावर बुंध्याशीं भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे, आणि बांडगूळ माजलें असेल तर फांदी अशक्त होऊन शिवाय तिच्यावर भार पडतो. गुलमोहोर व शेवगा यांचें लांकूड ठिसूळ. तीं घराला टेकून नसावींत. चिंच चिवट आहे, तिला उगाच बदनाम करूं नये.

आणखी एक गोष्ट. आमचीं झाडें नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यास सरावलेलीं असतात. चक्रीवादळ समुद्रांतून जवळ येतें तेव्हां वारा बहुधा जमिनीकडून, पूर्व-ईशान्येच्या अंगानें सुटतो, आणि वादळाचा मध्य पुढें सरकल्यावर दिशा पालटतो. म्हणून केवळ समुद्राकडची बाजू तपासून भागत नाहीं.

झाड हलकें करणें म्हणजे त्याचें मुंडण करणें नव्हे. शेंडा छाटून खुंट उभा ठेवण्याची रीत फार पडली आहे. आम्हांस ती सर्वांत वाईट वाटते. त्या खुंटावर जे धुमारे फुटतात ते आंतल्या लांकडांत रुजलेले नसतात, वरच्यावर चिकटलेले असतात. पांच-सात वर्षांनीं ते जाड झाले कीं पहिल्या जोराच्या वाऱ्यांत निखळतात. प्रथम सुकलेल्या, मोडक्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्या. मग घरावर लांब गेलेल्या फांद्या बाजूच्या फांदीपर्यंत आंखूड कराव्या. एका सालीं हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा, म्हाताऱ्या झाडास त्याहूनही कमी. जाड फांदीस आधीं खालून थोडा काप द्यावा, नंतर थोडें पुढें वरून कापून भार उतरवावा, आणि शेवटीं फांदीच्या मुळाशीं जो फुगवटा असतो तो राखून उरलेला खुंट काढावा. फुगवट्यांतूनच जखम भरून येते. वरून डांबर फासल्यानें कुजणें थांबत नाहीं.

माडाची गोष्ट वेगळी. त्यास एकच कोंब. तो गेला कीं माड गेला. म्हणून हिरवीं झांवळें ओरबाडूं नयेत. वाळलेलीं झांवळें व तयार नारळ मेअखेरीपूर्वीं पाडेल्याकडून उतरवून घ्यावे. चढण्यासाठीं खोडांत खांचा पाडणें सोडावें, कारण माडाची जखम कधींच भरत नाहीं. गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा यांचीं भोकें दिसल्यास आळस करूं नये.

काढण्याचेंच झाड असेल तर करवतीआधीं कागद. आंबा, फणस, चिंच हीं महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ च्या अनुसूचींत असून परवानगीवाचून तोडतां येत नाहींत. शहरी भागांस १९७५ चा निराळा कायदा आहे. अर्जांत झाडाचें घरापासून अंतर, कल व कुज स्पष्ट लिहावी, छायाचित्र जोडावें आणि अर्जाची पोंच मागून घ्यावी. विजेच्या तारेजवळची फांदी वीज कंपनीच्या माणसांनीं प्रवाह बंद केल्यावरच तोडावी.

अरबी समुद्रांत वादळांचे दोन हंगाम : मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. फयान हें ११ नोव्हेंबर २००९ रोजीं आलें होतें. म्हणून पाहणी माघ-फाल्गुनांत एकदां व पाऊस सरतांच पुन्हां करावी. सुकी व धोक्याची फांदी केव्हांही काढावी. आंब्याची हिरवी छाटणी फळें उतरल्यावर, उघडीप पाहून करावी, म्हणजे ती कार्तिकांतल्या वादळास व पुढच्या सालास उपयोगी पडते. इशारा लागल्यावर झाडावर माणूस चढवूं नये. त्या रात्रीं झाडाच्या बाजूची खोली रिकामी करून मुलांमाणसांचीं अंथरुणें दुसऱ्या अंगास घालावीं, आणि सकाळीं झाडाखालून जाण्यापूर्वीं बुंध्याभोवतींची माती फाटली आहे काय हें दुरून पाहून घ्यावें.