परदेशी मजुराचा वाली कोण?



अनुवादाच्या पुस्तकातील २४ व्या अध्यायाची १४ व १५ ही वचने आज घरी वाचावीत. गरीब मजुराला नाडू नये, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी चुकती करावी, ही आज्ञा आपण ऐकलेली आहे. पण तो मजूर आपल्या भाऊबंदांपैकी असो वा आपल्या गावात राहणारा परका असो, असे तिथेच सांगितले आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज त्या परक्याच्या जागी आपलीच माणसे आहेत. देवनार-गोवंडीत कुणाचा मुलगा जहाजावर असतो, कुणाची बहीण आखातात घरकामाला. दोघांचाही मालक परदेशी, पण दोघांची स्थिती सारखी नाही.

खलाशाला संघटना आहे. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे आणि ती आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाशी जोडलेली आहे. मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा आणि खलाशी मुंबईचा, अशा जहाजावर दाद कुणाकडे मागायची? या उसन्या झेंड्यांविरुद्ध महासंघाची मोहीम १९४८ पासून चालू आहे. अनेक बंदरांत त्याचे निरीक्षक जहाजावर चढून पगाराचे हिशेब तपासतात. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला व २०१५ मध्ये भारताने तो स्वीकारला. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळावा, अशी आर्थिक हमी २०१७ पासून सक्तीची आहे. हे सगळे संघटित कामगारांनी भांडून मिळवले.

घरकाम करणाऱ्या बाईचे काय? सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनांना परवानगीच नाही. बहरीनमध्ये परदेशी कामगाराला संघटनेत जाता येते. पण जहाज कधी ना कधी बंदराला लागते, बंद घराच्या दाराशी कोण जाणार? हाँगकाँगमध्ये फिलिपिनो व इंडोनेशियन बायांनी स्वतःच्या संघटना उभारल्या, कारण तिथे आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते आणि रविवारी त्या एकमेकींना भेटू शकतात. शब्बाथाची विश्रांती दासीला व परक्यालाही द्यावी असे अनुवाद ५:१४ मध्ये आहे, ते का, हे इथे कळते. कुवेतने साप्ताहिक सुट्टी २०१५ मध्ये कायद्यात घातली. पाळली किती जाते हा प्रश्न वेगळा.

संघटना म्हणजे लाल बावटा, त्यात ख्रिस्ती माणसाने पडू नये, असे आपल्यात अजून काही जण म्हणतात. त्यांनी पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे परिपत्रक पाहावे, कामगारांनी एकत्र येण्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये परदेशी गेलेल्या कामगारांवर वेगळा विभागच लिहिला: हक्कांच्या बाबतीत त्याला तिथल्या कामगारापेक्षा कमी लेखू नये. आपल्याकडे सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने १९८५ मध्ये राष्ट्रीय घरेलू कामगार चळवळ सुरू केली. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये जिनिव्हात मंजूर झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण स्वीकृती अजून दिलेली नाही.

आपल्या धर्मग्रामातून कुणी जाणार असेल तर एवढे पाहा. दहावी न झालेल्या बाईला आखातात घरकामाला पाठवायचे तर खासगी एजंट चालत नाही, केवळ सरकारी संस्थांमार्फतच भरती व्हावी असे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवले. व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या व्हिसावर गेलेली बाई तिथे कागदोपत्री कामगार नसतेच. करारपत्र, पासपोर्ट व व्हिसा यांच्या प्रती घरी ठेवा. मालकाचे नाव व पत्ता लिहून घ्या, आणि फोन कोणत्या वारी येईल तेही आधीच ठरवा.