वाघाची मावशी

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा प्रदेश. दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरी कापूस येऊ लागतो आणि पुढे ज्वारी व तूरही येते. धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या पाठोपाठ मांजर येते. त्याला कोणी विकत आणलेले नसते. चुलीजवळची ऊब मिळाली की ते त्या घरचे होते.

मनुष्य आणि मांजर यांचा हा स्नेह फार प्राचीन आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेतीला आरंभ झाला, तेव्हा कोठारांतील उंदरांच्या मागावर तेथील रानमांजर वस्तीत शिरले. आपली घरगुती मांजरे त्याचीच वंशज होत. सायप्रस बेटावरील सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याशेजारी मांजराचाही सांगाडा सापडला आहे.

बैल ओढकामासाठी आणि कुत्रा राखणीसाठी मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवला. मांजराला उंदीर धरण्याची विद्या उपजतच होती. त्यामुळे तशी निवड करण्याचे कारण पडले नाही. म्हणूनच मांजरांच्या बहुतेक जाती अलीकडच्या आहेत. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतर विशिष्ट रूपाची मांजरे निवडून वाढवण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत पसरला. पर्शियन मांजर लांब केसांचे व चपट्या तोंडाचे असते. सयामी मांजराचे अंग फिके, पण कान, तोंड, पाय आणि शेपूट गडद असतात. कारण शरीराच्या थंड भागांवरच त्याचा रंग गडद होतो. मँक्स जातीच्या अनेक मांजरांना शेपूटच नसते. ‘बॉम्बे’ नावाची काळीभोर जात मात्र मुंबईची नव्हे. भारतातील काळ्या बिबट्यासारखे दिसणारे लहानसे मांजर असावे, या इच्छेने ती १९५८ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात संकराने निर्माण करण्यात आली.

मांजराच्या नराला बोका आणि मादीला भाटी म्हणतात. भाटी सुमारे सहा महिन्यांची होताच गर्भधारणेस योग्य होते. परंतु तोवर तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. म्हणून जाणते पालक एवढ्या लवकर तिची पैदास होऊ देत नाहीत. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. एका वेळी बहुधा तीन ते पाच पिल्ले होतात. एकाच वेतातील पिल्लांचे पिते निरनिराळे असू शकतात. त्यामुळे एक पिल्लू काळे तर दुसरे पिवळे, असेही दिसते. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात. ते आठ-दहा दिवसांत उघडतात. भाटी पिल्लांना सात घरे दाखवते, अशी समजूत आहे. खरे पाहता परक्या बोक्यापासून आणि इतर धोक्यांपासून त्यांना वाचवण्यासाठी ती जागा बदलते. पिल्ले बारा आठवडे आईजवळ राहिली, तर ती सुदृढ होतात आणि मांजराची रीतभात शिकतात.

जात शुद्ध राखण्यासाठी जवळच्या नात्यातील मांजरांचा संयोग वारंवार घडवला, तर वंशात दडलेले दोष प्रकट होतात. निव्वळ रूपाच्या हौसेनेही प्राण्याला दुःख भोगावे लागते. १९६१ साली स्कॉटलंडमध्ये दुमडलेल्या कानांची एक मांजरी आढळली आणि तिच्यापासून नवी जात तयार करण्यात आली. पण कान दुमडणारा तो गुण सर्वांगाच्या कूर्चांत दोष उत्पन्न करतो. त्यामुळे या मांजरांचे सांधे दुखतात.

निसर्गाची रीत निराळी आहे. वाघ हा मार्जारकुळातलाच प्राणी, म्हणून तर मांजराला वाघाची मावशी म्हणतात! यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. वयात आलेला वाघ आपल्या आईचा प्रदेश सोडून जातो. त्यामुळे आप्तांतील संयोग टळतो आणि दूरच्या रानांना नवे रक्त मिळते. टिपेश्वरात जन्मलेला असाच एक तरुण वाघ २०१९ च्या जून महिन्यात बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता. शेते, नाले आणि रस्ते ओलांडत, महाराष्ट्र आणि तेलंगणातून फिरत, तो त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची तीन हजार किलोमीटरांहून अधिक भ्रमंती झाली. पण ज्ञानगंगेत त्याच्या जातीचे दुसरे कोणीच नव्हते. रानारानांमधील वाटा का राखाव्यात, हे त्याच्या एकाकीपणावरून उमगते.

घरच्या मांजराचा जोडीदार पुष्कळदा मनुष्य ठरवतो. म्हणून पिल्लांच्या सुखदुःखाचा भारही त्याच्यावरच येतो. जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला घर मिळेल, अशी खात्री नसेल, तर पशुवैद्याकडून मांजराची नसबंदी करून घेणे उचित. पिल्लांना पोत्यात घालून गावाबाहेर सोडणे हे क्रौर्य होय.

यवतमाळच्या अंगणातील साध्या मांजराची वंशावळ कोणत्याही वहीत नोंदलेली नसते. पण अनेक वंशांच्या मिश्रणाने ते काटक झालेले असते. कणगीजवळ रात्रभर जागणाऱ्या त्या मांजराला याहून मोठ्या कुळाची गरज नाही.