आधी हिशेब, मग कोड

रिलोकेशनच्या बगमध्ये प्रोग्रॅम जिथे कोसळतो तिथे सहसा चूक नसते, हे आधी मनाशी पक्कं कर. डायनॅमिक लिंकरनं, म्हणजे लोडरनं, मेन सुरू व्हायच्या आधीच एका स्लॉटमध्ये चुकीचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. तो वाचला जातो नंतर कधीतरी, भलत्याच फंक्शनमध्ये. बॅकट्रेस पाहून त्या बिचाऱ्या फंक्शनच्या मागे लागलेली चांगली हुशार मुलं मी पाहिली आहेत. तू तसं करू नकोस. सेगफॉल्ट आला की एवढंच विचार: हा पत्ता कुठल्या स्लॉटमधून उचलला, आणि त्या स्लॉटमध्ये कोणता आकडा असायला हवा होता?

मला माझ्या वरिष्ठांनी दिलेला कानमंत्र हाच. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

शेअर्ड लायब्ररी बांधताना ती मेमरीत कुठे बसणार हे कुणालाच माहीत नसतं. बिऱ्हाड हललं की दूधवाल्यापासून बँकेपर्यंत नवा पत्ता कळवावा लागतो, तसं लोडर प्रत्येक स्लॉटला नवा पत्ता कळवतो. कुणाला आणि काय कळवायचं याची यादी एल्फ फाइलमध्येच असते. रीडएल्फला -आर पर्याय दे, ती समोर येईल. एक्स८६-६४ वर यादीतली प्रत्येक नोंद २४ बाइटची असते: स्लॉट कुठे, रिलोकेशनचा प्रकार आणि सिम्बॉल कोणता, आणि ॲडेंड किती. प्रत्येक प्रकाराचं सूत्र एबीआयच्या दस्तऐवजात छापलेलं आहे. रिलेटिव्ह असेल तर बेस अधिक ॲडेंड, ग्लॉब-डॅट आणि जंप-स्लॉट असेल तर नुसता सिम्बॉलचा पत्ता. ते पान उघडं ठेवूनच काम कर, पाठांतरावर विसंबू नकोस. एआरएम६४ वर ग्लॉब-डॅटमध्येही ॲडेंड मिळवायचा असतो. एका आर्किटेक्चरचा कोड दुसऱ्यावर नेताना नेमकं तिथेच घसरायला होतं.

आता हिशेब. समज, लायब्ररीचा बेस हेक्समध्ये ४००००० आहे आणि ॲडेंड ३०१०. स्लॉटमध्ये ४०३०१० हवा. प्रत्यक्षात काय आलं ते पाहा आणि वजाबाकी कर. नुसता ३०१० सापडला, तर ती नोंद कुणी हाताळलीच नाही. मग रेला, जेएमपी-रेल आणि रेलर या तिन्ही तक्त्यांवरून लोडर फिरतो का ते तपास. रेलर हा आटोपशीर तक्ता जीलिबसीनं २०२२ मध्ये २.३६ या आवृत्तीत स्वीकारला. तो ठाऊक नसलेला लोडर अवाक्षर न काढता पुढे जाऊ शकतो आणि पॉइंटर तसेच कच्चे राहतात. ८०३०१० सापडला, तर बेस दोनदा मिळवला गेला. एकच लायब्ररी दोन वाटांनी यादीत आली आणि तिचं रिलोकेशन दोनदा झालं का, ते आधी बघ. ४०६०२० सापडला, तर ॲडेंड दोनदा धरला गेला. ही चूक फार लबाड. जुन्या ३२ बिटी इंटेलवर ॲडेंड स्लॉटमध्येच ठेवलेला असतो, म्हणून तिथे 'आहे त्यात मिळव' हे बरोबर. ६४ बिटीवर रेलाच्या तक्त्यात ॲडेंड नोंदीत असतो, तिथे जुनं काही न पाहता सरळ लिहायचं असतं. काही लिंकर स्लॉटमध्ये शून्य सोडतात, काही आकडा लिहून ठेवतात. त्यामुळे एकाच कोडची एका लिंकरनं बांधलेली फाइल व्यवस्थित चालते आणि दुसऱ्यानं बांधलेली कोसळते. 'त्याच्या मशीनवर चालतंय' असं कुणी सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नकोस. फाइल कुठल्या लिंकरनं बांधली, ते विचार.

स्लॉटमध्ये नेमका ४०००००, म्हणजे नुसता बेसच दिसला, तर वीक सिम्बॉलवर संशय घे. व्याख्या न सापडलेल्या वीक सिम्बॉलची किंमत शून्य राहायला हवी, त्यात बेस मिळवायचा नाही. प्रोग्रॅम 'हे फंक्शन आहे का?' असं विचारतो, बेस मिळवल्यामुळे उत्तर 'आहे' येतं, आणि उडी थेट एल्फच्या हेडरवर पडते. ॲब्सोल्यूट सिम्बॉललाही बेस लागत नाही. टीएलएसच्या सिम्बॉलची किंमत तर पत्ता नसतेच, ती थ्रेडच्या साठ्यातली सरक असते. आणि तफावत दोन लायब्रऱ्यांच्या बेसमधल्या अंतराएवढी निघाली, तर सिम्बॉल मागणाऱ्या लायब्ररीचा बेस वापरला गेलाय. हवा असतो तो व्याख्या करणाऱ्या लायब्ररीचा.

कॉपी रिलोकेशनपाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. इथे लायब्ररीतल्या व्हेरिएबलसाठी मुख्य प्रोग्रॅमच्या बीएसएसमध्ये जागा राखलेली असते, आणि लोडरनं मूळ डेटा तिथे उतरवायचा असतो. मूळ कुठे आहे हे शोधताना मुख्य प्रोग्रॅम वगळावाच लागतो. वगळला नाही, तर शोध पहिल्यांदा त्यालाच गाठतो आणि रिकामी जागा स्वतःवरच उतरवली जाते. व्हेरिएबल शून्य, लायब्ररी निर्दोष, आणि सगळे लायब्ररीलाच दोष देतात. क्रमही महत्त्वाचा. उतरवायच्या डेटात पॉइंटर असतील तर लायब्ररीचं रिलोकेशन आधी झालेलं हवं, नाहीतर कच्चा पॉइंटर उतरतो. म्हणून जीलिबसी मुख्य प्रोग्रॅमचं रिलोकेशन सगळ्यात शेवटी करतं. तो क्रम कोडमध्ये पाहिलास तर निरर्थक समजून उलटवू नकोस.

सिम्बॉल कुणाकडून घेतला हे कळायला जीलिबसीचा लोडर असेल तर एलडी_डीबगला 'बाइंडिंग्ज' ही किंमत दे. कुठल्या फाइलमधला सिम्बॉल कुठल्या फाइलशी जोडला, हे तो ओळीओळीनं सांगतो. मग एलडी_बाइंड_नाउ लावून पाहा. त्यानं बग गायब झाला तर आधी उशिरा जोडणी करणारा ट्रॅम्पोलिन तपास. पहिल्याच हाकेला दशांशी आकडे बिघडत असतील तर तो व्हेक्टर रजिस्टर जपत नाहीये. स्टॅक १६ बाइटच्या सीमेवर आहे का, तेही बघ. एवढ्यानंही उलगडलं नाही तर जीडीबीत त्या स्लॉटवर हार्डवेअर वॉचपॉइंट लाव. स्लॉटमध्ये कोण कधी लिहितं हे प्रत्यक्ष दिसेल. जीडीबी पत्त्यांची यादृच्छिकता आपणहून बंद ठेवतो, त्यामुळे प्रत्येक वेळी आकडे तेच येतात. हिशेबाला ते फार सोयीचं.

लोडर स्वतःचं रिलोकेशन करत असतो त्या टप्प्यात अंगावर कपडेही नसतात असं समज. तिथे प्रिंटएफ नाही, पॉइंटरांची सारणी नाही, बाहेरचं फंक्शन नाही. काही छापायचंच असेल तर स्टॅकवरचा अक्षरांचा ॲरे आणि थेट राइट सिस्टिम कॉल. कंपायलरवरही नजर ठेव. तू साधा लूप लिहितोस आणि तो त्याची मेमसेटला हाक करून टाकतो. ती हाक अजून न जोडलेल्या पीएलटीतून गेली की सगळं कोसळतं. स्टॅक प्रोटेक्टर तिथे बंद हवा, आणि फंक्शन्सची व्हिजिबिलिटी हिडन. शंका आली तर ऑब्जडम्पनं मशीन कोड उलगडून बघ, सी कोडकडे पाहून काही कळणार नाही.

दुरुस्ती करताना मोह होईल की 'या एका लायब्ररीसाठी' एक अट घालून मोकळं व्हावं. ती अट घालू नकोस. बग एका लायब्ररीत दिसला तरी चूक सूत्रात, शोधात किंवा क्रमात असते, आणि तिथेच ती काढायची. आधी दोन छोट्या लायब्रऱ्या आणि एक प्रोग्रॅम अशी चाचणी लिही, जी जुन्या लोडरवर हटकून पडते. मग पॅच. मग तीच चाचणी दोन वेगळ्या लिंकरांनी बांधून, बाइंड_नाउ लावून आणि न लावता, आणि ३२ बिटीला आधार असेल तर तिथेही चालव.

आणि पॅच पाठवशील तेव्हा संदेशात रिलोकेशनचा प्रकार, स्लॉटमध्ये आलेला आकडा, यायला हवा असलेला आकडा आणि दोघांमधली तफावत कशामुळे पडली, हे चारही लिही. पाच वर्षांनी तुझी दुरुस्ती कुणीतरी काढायला जाईल, तेव्हा त्याला तेवढंच हाताशी असेल.