दम

मानवतच्या मोंढ्यातील कापसाचा लिलाव आटोपला, अडत दुकानांच्या वह्या मिटल्या आणि जिनिंगच्या आवारातला सरकीचा वास संध्याकाळच्या गारव्यात उतरू लागला, की मैदानाच्या कडेला चपला काढून आम्ही कबड्डीसाठी उभे राहत असू. आणि ज्याची चढाई पाहण्यासाठी हमाल-मापाडीसुद्धा घरची वाट सोडून घटकाभर थांबत, तो माझा बालमित्र एकतिसाव्या वर्षी त्याच मातीत कोसळला, त्यास आता वीस वर्षे होत आली.

दिवसा तो एका अडतीवर मुनीम होता. अंगठ्यावरचा शिक्क्याच्या शाईचा निळा डाग तसाच घेऊन तो खेळायला येई. मानवत रोडहून पॅसेंजर धरून सेलू, परभणी, जालना येथे आम्ही सामने खेळलो, आणि सर्वत्र एकच लौकिक ऐकला, की या गड्याचा दम तुटत नाही. आमच्या खेळात दमाला मोठा मान. त्या मानापायी शरीर काय सांगत होते ते त्याने ऐकले नाही, आणि मी ऐकूनही मनावर घेतले नाही.

मृत्यूपूर्वी तीन आठवडे, सरावात चढाई करून परतताना, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो बसकण मारून खाली बसला. क्षणभर त्याची शुद्ध हरपली होती. कोणी पित्त म्हणाले, कोणी उपाशीपोटी खेळल्याचा दोष दिला. घरी जाताना त्याने माझा हात धरून एवढेच म्हटले, ‘आईला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल.’ त्याचे वडील ऐन तिशीत शेतात उभ्या जागी गेले होते, हे मला ठाऊक होते. तरीही दिलेला शब्द मी इमानाने पाळला. त्या इमानाची खंत मला आजही आहे.

तो पडला तेव्हा आम्ही त्याच्याभोवती गर्दी केली, तोंडात पाणी घातले, कांदा हुंगवला. मध्येच त्याने घोरल्यासारखा एक आचका दिला, तेव्हा कोणी तरी ओरडले, ‘दम आहे अजून!’, आणि त्या भरवशावर आम्ही जीपची वाट पाहत बसलो. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जन्मजात दोषाने जाड झालेला आढळला. २००३ साली फ्रान्समध्ये भर सामन्यात कोसळलेला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए याच्या शवचिकित्सेतही हाच विकार निघाला होता. सुमारे ५०० माणसांत एकास तो असतो, आणि आई किंवा वडिलांना असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो, हे मला त्यानंतर डॉक्टरांकडून कळले.

म्हणून खेळणाऱ्या मुलांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. खेळताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धडधड होणे, याला पित्त वा अशक्तपणा समजू नका. डॉक्टरांचा निर्वाळा मिळेपर्यंत खेळ थांबवा आणि ईसीजी व हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्या. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर काहीही त्रास नसला तरी ही तपासणी कराच.

कोणी कोसळला, हाकेला ओ देईना आणि त्याचा श्वास नीट चालेना, तर थांबू नका. तो घोरता आचका म्हणजे श्वास नव्हे. एकाने १०८ ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आमच्या वेळी ती नव्हती. दुसऱ्याने छातीच्या मध्यावर तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ राखून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे, आणि थकल्यास तिसऱ्याने ते काम घ्यावे. मदत येईतो खंड पडू देऊ नये. तोंडात पाणी घालू नये. दाबण्यावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि आम्ही तर जीपच्या वाटेकडे डोळे लावून पाव तास घालवला.

त्याच्या धाकट्या भावाची तपासणी मी स्वतः सोबत जाऊन करवली. दोष त्यालाही निघाला. औषधे घेऊन तो आज चाळिशी ओलांडून संसार करीत आहे. चढाई सोडली, पण संध्याकाळी मैदानावर शिट्टी त्याचीच वाजते. तुमच्या संघातला कोणी गडी मैदानावर अंधारी येऊन बसला आणि ‘घरी सांगू नकोस’ असे म्हणाला, तर त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, त्याच्या घरी जा आणि सांगा.